पाण्याचा अहवाल कोण वाचणार?

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बंगळुरू शहरातील उत्तर, मध्य आणि दक्षिण या तिन्ही मतदारसंघांत मतदानाचा आकडा ५३ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान घुटमळला. याच शहरापासून दोन तासांच्या अंतरावर असलेल्या कोलार मतदारसंघात तो ७८ टक्क्यांच्या आसपास गेला. २०११ च्या जनगणनेनुसार बंगळुरू शहर जिल्ह्याची साक्षरता सुमारे ८८ टक्के, तर कोलारची ७४ टक्के होती. विज्ञानसंस्था, विद्यापीठे आणि माहिती तंत्रज्ञान यांनी गजबजलेले शहर मतदानकेंद्रापासून दूर राहते आणि टोमॅटो, तुती व दुभत्या जनावरांवर जगणारा दुष्काळी जिल्हा रांगेत उभा राहतो. कामानिमित्त बंगळुरूत वास्तव्य करणाऱ्या माझ्यासारख्या मराठी माणसाला या आकड्यांनी बराच काळ अस्वस्थ केले आहे.

शहराला एकतर्फी दोष देणे योग्य होणार नाही. स्थलांतरितांची नावे मूळ गावच्या यादीत राहतात, भाड्याची घरे बदलतात. महापालिकेच्या सभागृहाची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपल्यावर नगरसेवकांची निवडणूक वर्षानुवर्षे लांबत गेली, तेव्हा शहरी मतदाराला सवय तरी कशाची लागावी? तथापि एक गोष्ट या आकड्यांवरून निश्चितपणे सांगता येते. शिक्षणाची वर्षे वाढली की नागरिकाचा सहभाग आपोआप वाढतो, ही आपण प्रौढशिक्षणाच्या प्रत्येक योजनेत गृहीत धरलेली समजूत टिकत नाही.

मात्र कोलारच्या ७८ टक्क्यांवर समाधान मानून थांबावे, तर तेथेही गाठ आहे. कोलारला बारमाही नदी नाही. शेकडो जुने तलाव कोरडे पडलेले, विंधनविहिरी खोल खोल गेलेल्या. अशा जिल्ह्यात बंगळुरूच्या कोरमंगला-चल्लघट्टा खोऱ्यातील सांडपाणी प्रक्रिया करून नळवाहिनीने न्यावे आणि त्याने सुमारे सव्वाशे तलाव भरावेत, अशी योजना कर्नाटक शासनाने आखली. दररोज ४४ कोटी लिटर पाणी देण्याचे तिचे उद्दिष्ट. जून २०१८ मध्ये पाणी सुरू झाले आणि पुढच्याच महिन्यात लक्ष्मीसागर तलावात फेस दिसल्याने ते थांबवावे लागले. प्रकरण उच्च न्यायालयात आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात गेले. पुढे पाणी पुन्हा वाहू लागले. एका बाजूने सांगण्यात आले की, तलाव भरल्याने भूजल वर आले, बंद पडलेल्या विहिरींना पाणी लागले. दुसरी बाजू म्हणाली की, प्रक्रिया केवळ दुसऱ्या टप्प्यापर्यंतच होते; तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया झाल्याखेरीज हे पाणी जमिनीत मुरू देणे म्हणजे पिण्याच्या पाण्याशी जुगार होय. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे आणि त्यांचा निवाडा करण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. ज्यांच्या विहिरीत हे पाणी मुरणार होते, त्यांच्यापैकी किती जणांना दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यांतील फरक योजनेपूर्वी कोणी समजावून दिला होता?

त्या भागातील एका गावात टोमॅटोच्या शेताच्या बांधावर एका वयस्क शेतकऱ्याने खिशातून घडी घातलेला कागद काढून माझ्या हाती दिला होता. आपल्या विंधनविहिरीचे पाणी त्यांनी स्वतःच्या खर्चाने तपासून आणले होते. अहवाल इंग्रजीत होता. नायट्रेट, फ्लोराइड, विद्युतवाहकता, सोडियम यांचे आकडे ओळीने छापलेले. त्यांना कन्नड आणि तेलुगू उत्तम वाचता येई, ते दर निवडणुकीत मतदान करत आणि गावच्या दूध संस्थेचे सभासदही होते. त्यांचा प्रश्न एवढाच होता : "साहेब, हे पाणी चांगले की वाईट?" मी आकडे पाहून सांगितले की, पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम असते, तुमचे त्यापेक्षा अधिक आहे, पिकाला चालेल, लहान मुलांना देऊ नका. त्यांनी कागद पुन्हा घडी घालून खिशात ठेवला. नंतर कन्नडमध्ये जे म्हणाले त्याचा आशय असा की, हे मला ग्रामसभेत बोलता आले असते, पण तेथे हा कागद वाचणारे कोणी नसते. नायट्रेट शहराच्या पाण्यातून आले की त्यांच्याच शेतातील युरियातून, हे त्या कागदावरून मलाही सांगता आले नसते. परंतु तोच तर ग्रामसभेत विचारण्याजोगा प्रश्न होता.

हा प्रसंग केवळ कोलारचा नाही. पुण्याचे प्रक्रिया केलेले पाणी मुंढव्याहून जुन्या मुठा कालव्यात, म्हणजे आपल्याकडे ज्याला बेबी कालवा म्हणतात त्यात, सोडले जाते आणि हवेली-दौंडच्या शेतांत पोहोचते. शहरे वाढतील तसतसे शेतीच्या वाट्याला ताजे पाणी कमी आणि वापरलेले पाणी अधिक येणार, हे आता उघड आहे. त्या पाण्याविषयीचे निर्णय ज्या बैठकांत होतील, तेथे शेतकऱ्याची भूमिका केवळ हात वर करण्याची राहणार की कागद वाचून प्रश्न विचारण्याची, याचा विचार कृषी विस्तार यंत्रणेने करावयास हवा.

आपल्या प्रौढशिक्षणाचा इतिहास पाहिला तर अक्षर आणि अधिकार यांची ताटातूट कोठे झाली ते दिसते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली, ती केवळ बाराखडी शिकवण्यासाठी नव्हे. कागद वाचता न आल्याने शेतकरी कोणकोणत्या दारी नाडला जातो, याचा सविस्तर हिशेब जोतीरावांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये मांडला. तिकडे म्हैसूर संस्थानात १८८१ साली दिवाण रंगाचार्लू यांनी प्रजाप्रतिनिधी सभा भरवली आणि तालुक्यातालुक्यांतून शेतकरी व व्यापारी दसऱ्याच्या सुमारास आपली गाऱ्हाणी मांडण्यास म्हैसूरला येऊ लागले. ती सभा निर्णय घेणारी नव्हती, ऐकून घेणारी होती. पण बोलण्याची जागा तयार झाली. त्याच संस्थानात पुढे, स्वातंत्र्याच्या सुमारास, डेन्मार्कच्या लोकशाळांचा नमुना समोर ठेवून नंजनगूड येथे ग्रामीण तरुणांसाठी निवासी विद्यापीठ सुरू झाले. डेन्मार्कमध्ये १८४४ पासून अशा शाळांत शेतकऱ्यांची मुले हिवाळ्यात येऊन राहत, इतिहास व समाजव्यवहार शिकत, आणि त्यांच्यातूनच पुढे सहकारी दुग्धालयांचे सभासद घडले. पदवी नाही, परीक्षा नाही. या कल्पनेत जे बळ होते ते आपण पुढे हरवले, असे माझे मत आहे.

महाराष्ट्रात १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यातून ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावेच्या गावे साक्षर झाली, गावोगाव गौरवसमारंभ झाले. मात्र शिकलेले वापरण्यास जागा न मिळाल्याने अनेकांची अक्षरओळख पुसली गेली. त्यानंतर हरितक्रांतीच्या पहिल्या वर्षांत, १९६७-६८ मध्ये, अधिक उत्पादन देणाऱ्या वाणांच्या जिल्ह्यांत शेतकरी प्रशिक्षण आणि कार्यात्मक साक्षरतेचा कार्यक्रम आला. शेती, शिक्षण आणि माहिती-प्रसारण अशी तीन मंत्रालये त्यात एकत्र होती. खताच्या पोत्यावरचा मजकूर, औषधाच्या मात्रा, कर्जाचा अर्ज यांभोवती अक्षरे शिकवायची, ही कल्पना उत्तम होती आणि आपल्या विस्तारकार्याची नाळ तिच्याशी आहे. उणीव इतकीच की, पोत्यावरचा मजकूर वाचणारा शेतकरी पंचायतीचे अंदाजपत्रक वाचेल, असा विचार त्या आराखड्यात केंद्रस्थानी नव्हता. उत्पादक शिकला, नागरिक राहून गेला. १९७८ चा राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम, १९८८ चे साक्षरता अभियान आणि आजचा ‘उल्लास’ या वाटेवरून आपण पुष्कळ चाललो. परंतु शिकणाऱ्याची चाचणी अजूनही वाचन, लेखन आणि अंकगणितावरच संपते.

याला एक अपवाद कर्नाटकातच घडला आणि तो मराठी वाचकाला जवळचा आहे, कारण त्याच्या पहिल्या जिल्ह्यांत सीमेवरचा बिदर होता. कर्नाटकातील १९८७ च्या मंडल पंचायत निवडणुकांत स्त्रियांसाठी २५ टक्के जागा राखून ठेवण्यात आल्या होत्या. जागा मिळाल्या, पण सभेत बोलण्याची सवय कोठून येणार? १९८९ मध्ये सुरू झालेल्या महिला समाख्या कार्यक्रमाने गावोगाव स्त्रियांचे संघ उभे केले आणि पाटी-पेन्सिलीपासून आरंभ केला नाही. आधी बायका एकत्र बसल्या. पाणी, मजुरी, रेशन, दारू यांवर बोलल्या. कार्यालयात अर्ज करण्याची वेळ आली तेव्हा अक्षरांची गरज त्यांनाच भासली. प्रश्न आधी, अक्षर नंतर. शेतीशाळेत बसलेल्या कोणाही कार्यकर्त्याला हा क्रम ओळखीचा वाटेल. कीड दिसल्यावरच कीटकशास्त्र ऐकावेसे वाटते.

आणि मग मेंढा (लेखा). गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातील या छोट्या गोंड गावाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, बहुधा जंगलाच्या आणि बांबूच्या अंगाने. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टरवरील सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांपैकी ते एक आणि २०११ मध्ये बांबूचे वाहतूक परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला, हे सर्वज्ञात आहे. माझ्या मते या गावाची खरी शोधक बुद्धी दुसरीकडे दिसते. देवाजी तोफा, मोहन हिराबाई हिरालाल आणि गावकरी यांनी ग्रामसभेच्या शेजारी ‘अभ्यासगट’ उभा केला आणि दोहोंची कामे कटाक्षाने वेगळी ठेवली. अभ्यासगटाने केवळ अभ्यास करायचा, निर्णय करायचा नाही. निर्णय ग्रामसभेने करायचा, तोही सर्वसहमतीने. अभ्यासगटात बाहेरचा जाणकार येऊ शकतो, कायद्याचे कलम वाचले जाते, मधमाश्यांच्या पोळ्यापासून वनहक्काच्या नियमांपर्यंत काहीही विषय चालतो, मतभेद होतात. परंतु तेथे कोणाला जिंकायचे नसते.

ही विभागणी मला फार मोलाची वाटते. ग्रामसभेत माणूस शिकत नाही, कारण तेथे अज्ञान उघडे पडण्याची भीती असते. सरपंचासमोर, भावकीसमोर, कंत्राटदारासमोर "मला हे समजले नाही" असे म्हणणे सोपे नसते. अभ्यासगटात ते म्हणता येते. स्वीडनमध्ये अभ्यासमंडळांची शंभरांहून अधिक वर्षांची परंपरा आहे. अणुऊर्जेसारख्या विषयावर राष्ट्रीय निर्णय घेण्यापूर्वी १९७० च्या दशकात तेथील शासनाने अशा मंडळांतून चर्चा घडवून आणली. मेंढ्याने हे स्वीडनकडून उसने घेतलेले नाही. दोन्ही ठिकाणी माणसे एकाच निष्कर्षाला येऊन पोहोचली, ही गोष्ट मात्र विचार करण्याजोगी आहे.

विस्तार कार्यकर्त्याच्या हाती असा अभ्यासगट चालवण्याचे सर्वांत उत्तम साधन आज कोणते असेल, तर तो पाण्याचा ताळेबंद होय. त्याचे गणित चौथीच्या पलीकडचे नाही. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर दहा घनमीटर पाणी पडते. हजार हेक्टरच्या शिवारावर ५०० मिलिमीटर पाऊस झाला, तर ५० लाख घनमीटर. त्यातील मोठा भाग बाष्प होऊन जातो, काही वाहून जातो. मुरते आणि साठते ते थोडे. आता शंभर हेक्टर ऊस लावला, तर हेक्टरी २० हजार घनमीटर धरून त्यालाच २० लाख घनमीटर लागतात. तेवढ्याच क्षेत्रावर हरभरा घेतला, तर सुमारे तीन लाखांत भागते. हे आकडे फळ्यावर मांडले की, खोलीतील शांतता बदलते. कारण ऊस कोणाचा आहे हे सर्वांना ठाऊक असते आणि उन्हाळ्यात कोणाच्या घरासमोर टँकर येतो हेही.

हिवरेबाजारने हेच केले. पाऊस मोजला, विहिरींची पातळी मोजली, ताळेबंद ग्रामसभेत वाचला आणि त्यावरून पिके ठरवली. शेतीसाठी विंधनविहीर न घेण्याचा आणि ऊस टाळण्याचा निर्बंध गावाने स्वतःवर घातला. पोपटराव पवारांच्या नेतृत्वाचा त्यात वाटा मोठा आहे, हे खरे. परंतु नेतृत्व एकट्या माणसाचे राहिले असते, तर उसाचा निर्बंध इतकी वर्षे टिकला नसता. आकडा सर्वांनी पाहिला होता. आंध्र प्रदेशात शेतकऱ्यांनी स्वतः भूजल मोजण्याचा जो प्रयोग पुष्कळ गावांत झाला, त्यातही हीच गोष्ट दिसली : कोणी बंदी घातली नाही, मोजमाप लोकांच्या हाती आल्यावर पीकपद्धतीचा विचार लोकांनीच आरंभला.

आपल्या शेतीशाळेचे मूळही अशाच ठिकाणी आहे. इंडोनेशियात भातावरील तपकिरी तुडतुड्यांच्या उद्रेकानंतर १९८६ मध्ये ५७ कीटकनाशकांवर भातासाठी बंदी आली आणि १९८९ पासून शेतकऱ्यांच्या शेतीशाळा सुरू झाल्या. शेतकऱ्याने दर आठवड्याला शेतात उतरून निरीक्षण करायचे, चित्र काढायचे, गटासमोर मांडायचे आणि गटाने निर्णय घ्यायचा. ही पद्धत कृषिशास्त्रज्ञांइतकीच प्रौढशिक्षणाच्या अभ्यासकांनी घडवली होती. तिच्यातून बाहेर पडलेले शेतकरी पुढे स्वतःच्या संघटना बांधू लागले, स्थानिक प्रशासनाला जाब विचारू लागले. आपण शेतीशाळा घेतली. पण तिचा हा उत्तरार्ध घेतला नाही. हंगामाचे वर्ग झाले, छायाचित्रे वर गेली, उपस्थितीपत्रक पूर्ण झाले की आपली शाळा सुटते.

यावर विस्तार यंत्रणेतील मित्र दोन आक्षेप घेतात. पहिला कामाच्या भाराचा. तो खरा आहे आणि त्याला माझ्याकडे सोपे उत्तर नाही. पंचनामे, अनुदानाचे अर्ज, संकेतस्थळावरील नोंदी यांतून कृषी सहायकाला शिवारात जाण्यास वेळ उरत नाही, मग अभ्यासगट कोठून? दुसरा आक्षेप अधिक गंभीर : हे राजकारण आहे आणि शासकीय सेवकाने त्यापासून दूर राहावे. कोणाला मत द्यावे हे सांगणे निश्चितच आपले काम नव्हे. परंतु पाण्याचा अहवाल, माती परीक्षणाची पत्रिका, वित्त आयोगाच्या निधीचा तक्ता कसा वाचावा हे सांगणे राजकारण असेल, तर ते न सांगणेही राजकारणच आहे. केवळ त्याचा लाभ ज्यांना आधीच वाचता येते त्यांना होतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ पासून पंचायतींच्या अनुदानातील ६० टक्के भाग पाणी व स्वच्छतेसाठी बांधून दिला. आपल्या गावात तो कशावर खर्च झाला, हे विचारण्यासाठी पक्ष लागत नाही.

मला स्वतःला भेडसावणारी शंका वेगळी आहे. ज्ञान वाटले की ते आधी सबळाच्या पदरात पडते. अभ्यासगटात विंधनविहीरवाले बसतील, ताळेबंद त्यांना कळेल आणि भूमिहीन मजुराचे पाणी अधिक शहाणपणाने उपसले जाईल, असे होऊ शकते. काही गावांत झालेही आहे. म्हणून अभ्यासगटाची बैठक कोणाच्या अंगणात आणि किती वाजता भरते, ही बाब त्यातील विषयाइतकीच महत्त्वाची आहे. सकाळी दहाला चावडीवर भरली, तर निंदणीला गेलेल्या बायका येणार नाहीत. महाराष्ट्राच्या कायद्यात ग्रामसभेपूर्वी महिला सभेची तरतूद आहे. प्रत्यक्षात ती बहुधा वहीतच भरते. ताळेबंदाचे पहिले वाचन तेथे व्हावे, असा माझा आग्रह राहील. घागर कोण वाहते, हे तेथे बसलेल्यांना विचारावे लागत नाही.

गणपूर्तीविषयीही येथेच बोलले पाहिजे. ग्रामसभेला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी उपस्थिती लागते. ती न भरल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट राहत नाही. ज्यांना शांतपणे ठराव मंजूर करायचे असतात, त्यांना ही पळवाट पाठ असते. इतरांना ती ठाऊकही नसते. एका शेतीशाळेत एवढी एकच गोष्ट सांगितली, तरी तासाचे चीज होईल.

कर्नाटकात एक शब्द मला फार आवडतो : जमाबंदी. आपल्याकडे तो महसुलाचा शब्द. तिकडे ग्रामपंचायतीच्या वर्षभराच्या जमाखर्चाची आणि कामांची लोकांसमोर उघड तपासणी करण्याला जमाबंदी म्हणतात. नियम चांगला आहे. पण त्या दिवशी वही उघडी पडलेली असते आणि वाचणारे चारच. तेथील साडेपाच हजारांहून अधिक ग्रामपंचायत ग्रंथालयांचे अलीकडे ‘अरिवु केंद्र’, म्हणजे ज्ञानकेंद्र, असे नामकरण झाले आहे. तलावाच्या पाण्याचा अहवाल कन्नडमध्ये, मर्यादा आणि प्रत्यक्ष आकडा शेजारी शेजारी मांडून, या केंद्राच्या फळ्यावर दर तिमाहीस लावणे कितीसे अवघड आहे? आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, दूध संकलन केंद्रात, कृषी सेवा केंद्राच्या दारात तोच तक्ता मराठीत लावता येईल.

येत्या हंगामातील शेतीशाळेच्या वेळापत्रकात कृषी विज्ञान केंद्रांनी आणि आत्माच्या कार्यकर्त्यांनी शेवटचे दोन वर्ग यासाठी राखून ठेवावेत. पहिल्यात शिवारातील तीन विहिरींची पातळी मोजून आणि पाऊस लिहून ताळेबंद मांडावा. एका विहिरीच्या पाण्याचा अहवाल सर्वांनी मिळून वाचावा. दुसऱ्यात ग्रामपंचायत विकास आराखड्याची प्रत उघडावी आणि त्यात पाण्यावर काय लिहिले आहे ते शोधावे. प्रश्न कागदावर लिहून काढावेत, कोण विचारणार ते गटाने ठरवावे. खरिपाची शाळा सप्टेंबरअखेर संपते. २ ऑक्टोबरला ग्रामसभा असते.